बुडाला म्हणायची पाळी

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःला फार गोड करून दाखवलं. लग्न होऊन लोणावळ्याला आले आणि पहिली सात-आठ वर्षं बहुतेक धुसफुसण्यातच काढली. कपडे वाळत नाहीत म्हणून, काड्यापेटी सर्दावली म्हणून, पिठाला वास मारतो म्हणून. पावसाळ्यात आमच्या घरात धुकं पाहुण्यासारखं पुढच्या दारानं यायचं आणि मागच्या दारानं जायचं, जाताना गादीवर ओल सोडून जायचं. त्यात भर म्हणजे सासूबाईंचं ते रोजचं फिरणं.

सासरे गेल्यापासून सासूबाईंना रोज संध्याकाळी सूर्य मावळताना बघायला जायचं असायचं. गावाबाहेर पाऊलवाटेनं अर्धा तास चाललं की डोंगराची कड यायची आणि खाली एकदम कोकण. कडेच्या पंधरा-वीस पावलं अलीकडं एक सपाट, ऐसपैस कातळ होता. त्याला आम्ही ओटा म्हणायचो. मुंबईचे लोक मोटारी घेऊन हिंडायचे ती ठिकाणं वेगळी, ओट्याकडं चिटपाखरूसुद्धा फिरकत नसे. तिथं रोज तीन म्हातारी माणसं जमायची. आमच्या सासूबाई, ड्रायव्हरआबा आणि दूधवाल्या मावशी.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. उभा जन्म घाटात इंजिनं चालवली. वेळेच्या बाबतीत माणूस इतका कडक, की सख्खा मेहुणा फलाटावरून धावत येताना दिसत होता आणि तरी गार्डाची शिटी झाल्याबरोबर यांनी गाडी हलवली. मेहुणा वर्षभर बोलला नाही. आबांना त्याचं काही नव्हतं. ‘घड्याळाला नातं कळत नाही,’ म्हणायचे. मावशी वरच्या वाडीतल्या. सकाळी डोक्यावर दुधाची किटली घेऊन गावात उतरायच्या, दिवसभर कुणाकुणाकडची कामं करायच्या आणि संध्याकाळी परतताना ओट्यावर टेकायच्या. वय विचारलं तर म्हणायच्या, “तुमच्याच बरूबरीची आसंन, मोजलंय कुनी?”

या तिघांचा एक रिवाज होता. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं सूर्याची शेवटची कोर गेली की ‘बुडाला’ म्हणायचं. त्याच्या आधी बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. मग तिघांनी हात जोडायचे, आणि ज्याची पाळी त्यानंच आणलेला खाऊ वाटायचा. आबा फुटाणे आणायचे, मावशी पदरात बांधून काकडी नाहीतर भाजलेलं कणीस, सासूबाई वड्या नाहीतर चिवडा. बस, एवढंच. याच्यासाठी तंगडतोड करत जायचं आणि तंगडतोड करत यायचं.

उन्हाळ्या-हिवाळ्याचं ठीक आहे हो. पण मावळात आषाढापासून भाद्रपद सरेपर्यंत सूर्य असतो कुठं? खालून दरीतून ढग वर येतात आणि तिथंच बैठक मारतात. आपलाच हात आपल्याला दिसत नाही. तरी ही तिघं जायचीच. छत्री घेऊन, इरलं घेऊन, घोंगडी घेऊन. आणि खरी मजा तर तेव्हाच, असं वर आपल्याला सांगायची.

कारण धुक्यात पाळीला किंमत यायची. दिसत काहीच नाही, तेव्हा मनानंच ठरवायचं की आता बुडाला. म्हटलं की आबा एका खिशातून घड्याळ काढायचे आणि दुसऱ्या खिशातून चिठ्ठी. चिठ्ठीवर घरच्या पंचांगातून उतरवून आणलेली त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ. दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन ते निकाल द्यायचे. “चार मिनिटं लवकर.” “सात मिनिटं उशीर, सूर्याला ताटकळत ठेवलंत मावशी.” त्यांची स्वतःची पाळी असली की घड्याळ मावशींच्या रिकाम्या किटलीत जायचं आणि वर झाकण बसायचं. आणि तरी ते चुकायचे. जन्मभर मिनिटावर गाडी चालवलेला माणूस, पण घड्याळ किटलीत गेलं की बिचारा दहा-दहा मिनिटांनी हुकायचा.

हुकायच्या नाहीत त्या फक्त सासूबाई. फार तर एका मिनिटाचा फरक. कसं काय, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, “कळतं.”

मी या भानगडीत कशी पडले? एका ज्येष्ठात सासूबाई शेवाळावरून घसरल्या आणि घोटा सुजवून घेतला. आमचे हे म्हणाले, “आता तू बरोबर जात जा.” झालं. पोळ्या लाटायच्या वेळेला मी छत्री धरून डोंगरात. पहिले पंधरा दिवस मी ओट्यावर तोंड फुगवून बसत होते. मावशींनी एकदा काकडीची फोड पुढं केली आणि म्हणाल्या, “खा ग बाय. राग खाऊन प्वाट भरत न्हाई.” मला हसू आलं, आणि तिथंच मी हरले.

मग मला तिथं बरं वाटायला लागलं. आज इतक्या वर्षांनी ते दिवस आठवते तेव्हा डोळ्यांपुढं काहीच येत नाही, नुसतं पांढरं येतं. त्या पांढऱ्यात आवाज येतात. खालून घाटातून गाडी चढताना दमतेय, मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा सूर वेगळा, आणि आबा शेजारून हळूच म्हणतायत, “मागचा नवीन आहे, हात बसला नाही त्याचा अजून.” कुठंतरी ओढा. कुठंतरी टिटवी. मावशी गुणगुणतायत आणि त्यांच्या इरल्यावरून पाणी टपटपतंय. कुणाचं तोंड दिसत नाही, सुरकुती दिसत नाही, पांढरा केस दिसत नाही. तीन म्हातारी माणसं तिथं आहेत हे नुसतं ऐकून सांगता आलं नसतं, इतके त्यांचे आवाज त्या वेळी लहान पोरांचे झालेले असायचे. मला कधीकधी वाटायचं की मी झोपेत आहे आणि कुणी उठवू नये.

एकदा मी म्हटलं, “मला पण एक पाळी द्या की.” तिघंही हसली. आबा म्हणाले, “केस पिकू देत आधी.” तो तिथला नियम होता. मी रागावले, पण खोटं खोटं.

याच सुमाराला एक दिवस जेवताना यांच्या दाताखाली खडा आला. मग दुसरा. मग तिसरा. हे ताट सरकवून म्हणाले, “तांदूळ कुणी निवडले?” मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “हिनं.” तांदूळ त्यांनी निवडले होते, दुपारभर खिडकीत बसून, माझ्यासमोर. माझी अशी तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणून सांगू. पण नंतर भांडी घासताना आठवायला लागलं. सुईत दोरा ओवायला हल्ली मलाच हाक मारतात. दारात कुणी आलं की बोलेपर्यंत त्याला ‘ये’ म्हणत नाहीत. चहात साखर घालताना चमचा आधी कपाच्या कडेला लावून बघतात.

यांच्याही मनात तेच आलं असणार. पुण्याला थोरल्या दिरांना पत्र गेलं आणि आठवड्यात उत्तर आलं. आईला दिसत नसेल तर दसऱ्यानंतर इकडं आणून ठेवा, तिकडं दरीखोरीत नको. दिरांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागेल इतकी जवळ. यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, “आईला विचारलं तर कबूल करणार नाही. उघडीप पडली की बघ. सूर्य दिसतोय का नाही तिला, हे ओट्यावर तुला कळेलच. मला सांग, मग ठरवू.”

खरं सांगते, मला मनातून बरंच वाटलं. रोजची तंगडतोड चुकेल, स्वयंपाकघर माझं एकटीचं होईल. नंतर त्याची लाज वाटली, पण आधी बरं वाटलं होतं, हे खोटं नाही.

भाद्रपदातली एक संध्याकाळ. धुकं इतकं उतरलं की परत निघताना वाटच सापडेना. आबा दोन पावलं टाकून थांबले. रोज त्याच वाटेनं वाडीवर चढणाऱ्या मावशी, पण त्याही म्हणाल्या, “आज कायबी उमगंना.” तेवढ्यात सासूबाई सहज आमच्या पुढं झाल्या. “या माझ्यामागून,” म्हणाल्या. आणि चालायला लागल्या. इथं दगड आहे, इथं खड्डा, इथं डावीकडं कारवीला धरा. त्यांचं पाऊल कुठं अडखळलं नाही. वाडीच्या फाट्यावर मावशींना सोडलं, रुळांपाशी आबांना सोडलं, आणि आम्ही दोघीच उरलो. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्हाला आज धुकं लागलं होतं. सासूबाई रोजच धुक्यात राहत होत्या.

मी थांबले आणि विचारलं, “आई, तुम्हाला दिसत नाही ना?”

“आत्ता कुणाला दिसतंय?” त्या म्हणाल्या.

“तसं नाही. एरवी.”

त्याही थांबल्या. मग म्हणाल्या, “उजेड-अंधार कळतो. माणूस समोर आलं की काळं काहीतरी आलं हे कळतं. बाकी दूध ओतल्यासारखं.” त्यांच्या बहिणीचा मोतीबिंदू काढला होता, तेव्हा पंधरा दिवस डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून निजवलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही. आणि एवढं करून डोळा गेलाच. ती धास्ती त्यांच्या मनात बसली होती. पुण्याच्या पत्राचंही त्यांना ठाऊक होतं. भिंतीपलीकडून ऐकलं असणार.

“मला सूर्य दिसायलाच पाहिजे असं नाही गं,” त्या म्हणाल्या. “मला तिथं बसायला पाहिजे. दिवसभर मी या घरात चाचपडत असते. तिथं कुणी मला ‘जपून’ म्हणत नाही. तेवढं एक तासभर मी नीट असते.”

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि राग आला म्हणून मी ओरडले, “मग तांदळाचे खडे माझ्यावर का ढकललेत?”

“तुला बोलणी खायची सवय आहे,” त्या म्हणाल्या. आम्ही घरी आलो तेव्हा दोघींचेही पदर ओले होते, आणि ते पावसानंच, असं दोघीही धरून चाललो.

यांना मी काही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही. उघडीप पडू दे, मग बघू, असं म्हणून दिवस ढकलत होते. आणि उघडीप पडू नये म्हणून जन्मात पहिल्यांदा मी पावसाच्या बाजूनं झाले होते.

पण ती पडलीच. नवरात्र तोंडावर आलं होतं. सकाळी उठून बघते तर आभाळ धुतल्यासारखं. माळावर सोनकी फुललेली, तेरडा फुललेला, समोरच्या डोंगराचा कडा न् कडा मोजून घ्यावा असा स्वच्छ. कामावर निघताना हे म्हणाले, “आज कळेल.” आणि त्या दिवशी नेमकी पाळी सासूबाईंची.

त्यांनी दुपारी नारळाच्या वड्या केल्या. थापताना बोटांनी कडा पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. वाटेत मी म्हटलं, “आई, मला या उताराची भीती वाटते, जरा हात धरा माझा.” त्यांनी धरला. मला भीती कसलीच वाटत नव्हती, हे त्यांनाही कळत होतं.

ओट्यावर आबा आणि मावशी आधीच येऊन बसले होते. तीन-चार महिन्यांनी सूर्य समोर आला होता. खाली कोकण निळं निळं होत कुठंतरी विरघळून गेलेलं, आणि सगळ्यांच्या तोंडावर पिवळं ऊन. सासूबाईंनी डोकं किंचित वर केलं, डोळे मिटले आणि ऊन तोंडावर घेऊन बसल्या. मला तेव्हा उमगलं की त्यांची सूर्यास्ताची खूण काय होती. टिटवी, रातकिडे, गार होत जाणारा कातळ. आणि उघड्या दिवशी हे तोंडावरचं ऊन. ते गेलं की सूर्य गेला.

आबा घड्याळ मुठीत धरून बसलेले. सूर्य खाली खाली आला. आणि मला दिसलं, की क्षितिजाच्या जरा वर ढगाची एक पट्टी आडवी पडली आहे. लुगड्याच्या काठाएवढी. सूर्य तिच्या मागं जाणार, आणि खालून पुन्हा बाहेर येणार. सांगावं तर नियम आड येतो, आणि सांगितलं तर तिथंच सगळं उघडं पडतं. मी सासूबाईंच्या हाताला हात लावला. त्यांना तो प्रेमाचा वाटला असावा, त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

सूर्य पट्टीमागं गेला. ऊन गेलं. वारा गार झाला.

“बुडाला,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

समोर पट्टीच्या वरच्या काठाला सोन्याची रेघ पेटलेली. खालच्या काठाखाली दोन बोटं आभाळ मोकळं होतं. लहान पोरानंसुद्धा सांगितलं असतं की अजून अवकाश आहे. मावशींनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं बघितलं. आबांनी सासूबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग घड्याळ वर केलं, चिठ्ठी काढली, दोन्ही नेहमीसारखी डोळ्यांजवळ नेली.

“बरोब्बर,” ते म्हणाले. “मिनिटाचाही फरक नाही, वहिनी.”

मावशी लगोलग उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “गेला बाई माजा द्येव. चला, वाटा खाऊ.”

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. वड्या वाटल्या गेल्या, आणि आम्ही त्या खात असतानाच सूर्य पट्टीखालून बाहेर आला, लालभडक, केवढा तरी मोठा. आमची तोंडं लाल झाली, वड्या लाल झाल्या, मावशींची किटली लाल झाली. आबा, मावशी आणि मी एक शब्द न बोलता त्याच्याकडं बघत वड्या खात राहिलो. सासूबाईंनी वडीचा तुकडा हातात तसाच धरला होता. त्या जरा थांबल्या, गालाला उलटा हात लावला, आणि मग खायला लागल्या.

परतताना मावशी फाट्यावर वळल्या. रुळांपाशी आबा नेहमी “उद्या वेळेवर” म्हणायचे. त्या दिवशी नुसती मान हलवून गेले.

पुढं थोडं चालल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मावळल्यावरसुद्धा ऊन होतं गं आज.”

मी वाटेतला दगड पायानं बाजूला केला.

“मेहुण्यासाठी गाडी थांबवली नाही त्या माणसानं,” त्या म्हणाल्या. “आणि मावशी. तीसुद्धा.” मग माझा हात सोडला आणि म्हणाल्या, “माझ्या लेकाला काय सांगायचं ते तू सांग. तुझा शब्द मी मोडणार नाही.”

घरी आलो तर हे दारातच उभे. सासूबाई अंगणात पायांवर पाणी घेत होत्या, पाठमोऱ्या. तांब्यातलं पाणी संपलं होतं तरी त्या ओतत होत्या. यांनी हळू आवाजात विचारलं, “काय? दिसला का आईला सूर्य?”

स्वयंपाकघर एकटीचं होणार होतं. तंगडतोड चुकणार होती. मी चपला काढल्या आणि यांना ऐकू जाईल, अंगणातही ऐकू जाईल, अशा आवाजात म्हटलं, “दिसला. आमच्या सगळ्यांच्या आधी दिसला.”

हे ‘बरं’ म्हणून आत गेले. रात्री पुण्याला पत्र लिहायला बसले, आई इथंच बरी आहे म्हणून. मी ताटं घ्यायला लागले तेव्हा सासूबाई चाचपडत येऊन चुलीपाशी बसल्या.

“उद्या एक पाळी तू घे,” म्हणाल्या. “मी सांगते त्यांना.”

“माझे केस कुठं पिकलेत?”

“आज पिकले,” त्या म्हणाल्या. “माझ्या जागी नाही हां. माझ्या शेजारी बसून.”

दुसऱ्या दिवशी मी शेंगा भाजून नेल्या. सूर्य पार बुडाला तरी मला म्हणायचं सुचेना. सासूबाईंनीच माझ्या मांडीवर बोट टेकवलं, तेव्हा म्हटलं.